मासे तरंगत नाहीत, म्हणून पाणी चांगलं?

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाबद्दल पैठणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "माशाच्या अंड्याला कवच असतं, फवारणीचं औषध आत जात नाही. गेलंच तरी एवढ्या पाण्यात पातळ होतं. नाथसागरात मेलेले मासे तरंगताना दिसतात का? मग बोंब कशाला?"

कवचाचं आधी. हे कोंबडीचं अंडं नव्हे. चुन्याचं टरफल नाही, नुसता पातळ पापुद्रा, त्यालाही सूक्ष्म छिद्रं. रोहू-कटल्याचं अंडं पाण्यात पडलं की पाणी पिऊन टम्म फुगतं. फार मोठे रेणू बाहेर अडतात, एवढं खरं. पण क्लोरपायरीफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकांचे रेणू त्या मानाने लहानच.

पातळ होतं? होतंच की. पण रोहूचं अंडं 28 अंशांच्या आसपास 14 ते 18 तासांत फुटतं. कणा, डोळे, हृदय यांची मांडणी तेवढ्यात उरकायची. आणि या माशांची वीण नेमकी पावसाळ्यात, नदीला नवं पाणी आलं की. आपली कपाशी-सोयाबीनची फवारणीही तेव्हाच, आणि शिवारातलं पाणी ओढ्यानं गोदावरीलाच जातं. थोडक्या मात्रेनं काय होतं, ते कॅनडातल्या एका तळ्यात मुद्दाम करून पाहिलंय. 2001 ते 2003 अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम संप्रेरक सोडलं, लिटरला जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. (कीटकनाशक नव्हे, हे मान्य.) नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, आणि तळ्यातली एक लहान माशांची जात जवळजवळ संपली. एका रात्रीत मेलेल्या माशांचा खच पडला नव्हता. नवी पिल्लंच येईनाशी झाली.

तिसरा मुद्दा सगळ्यात लंगडा. मासे तरंगतात ते बरेचदा पाण्यातला प्राणवायू घटल्यामुळे. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर बुरशी येते, विरून जातं. काठावरून कुणाला दिसणार? जाळ्यात मासा भरपूर येतो, हाही पुरावा नाही. धरणांत मत्स्यबीज केंद्रातली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतात. नदीत एकही अंडं जगलं नाही तरी बाजारात रोहू येईलच.

नाथसागर विषारी आहे, असं मी म्हणत नाही. पण बघायचंच असेल तर श्रावणात, वरून पाणी येत असताना, प्रवाहात बारीक जाळी लावा आणि मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्लं, किती सापडतात ते मोजा.