बढतीचे ठराव कुणाच्या खिशात?

कोल्हापुरात 'मला राजकारणातलं काही कळत नाही' म्हणणारा माणूस दोनच ठिकाणी सापडतो: पाळण्यात, नाहीतर स्वतःच्या ऑफिसात. एरवी तोच माणूस मिसळीवर कट ओतून घेता घेता कुठल्या तालुक्यात कुणाचं पॅनेल अडचणीत आहे, कोण कुणाच्या गाडीत बसून कुठं गेला, हे घड्याळाच्या वेळेसकट सांगतो. पण शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखान्याच्या फाटकातून आत शिरून कार्ड पंच केलं की एकदम संत. 'आपण बरं, आपलं काम बरं.' मग एप्रिलात यादी लागते, शेजारच्या टेबलाला 'सीनियर' चिकटतं आणि संतांना बीपीची गोळी चालू होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्या जिल्ह्याला ठराव म्हणजे काय ते कळतं, त्या जिल्ह्यानं बढतीसाठी रडू नये. 'गोकुळ' या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत गावोगावच्या दूध संस्था आपल्या वतीनं मत कोण देणार याचा ठराव करतात. खरी पळापळ असते ती या ठरावांसाठी. मतदानाच्या दिवशी नुसतं मोजायचं. ऑफिसातही तसंच. मार्चअखेर बंद दाराआड जी 'सविस्तर चर्चा' होते, ते मतदान. ठराव संक्रांतीच्या तिळगुळाबरोबरच गोळा झालेले असतात. आत 'आमचं ठरलंय' झालेलं असतं आणि बाहेर आपण स्वयंमूल्यमापनाच्या फॉर्मात स्वतःला 5 पैकी 4 द्यावेत की साडेचार, यावर नख खात बसलेलो असतो.

त्या फॉर्मबद्दल जरा स्पष्ट बोलतो. फॉर्म म्हणजे पंचनामा. घटना आधीच घडलेली असते. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पगारवाढीला एकूण पैसे किती, हे बहुतेक ठिकाणी बजेटबरोबरच ठरतं आणि फेब्रुवारी सरेस्तोवर विभागप्रमुखाच्या डोक्यात माणसांचा क्रम लागलेला असतो. त्यामुळे 30 मार्चला रात्री नऊपर्यंत थांबून दिवे जाळणाऱ्याच्या वाट्याला फक्त डास येतात. दिसायचं ते डिसेंबर-जानेवारीत. साहेबाला जूनमधलं काम आठवत नाही, यात त्याचा दोष नाही. जूनमधला पाऊसही त्याला आठवत नाही. म्हणून वही ठेवायची. आठवड्याला एकच ओळ, आणि त्या ओळीत आकडा हवाच. 'रिजेक्शन (नाकारलेला माल) कमी केलं' ही कविता झाली. 'साडेसहावरून 4 टक्क्यांवर आणलं' हा पुरावा.

अमेरिकेत फ्रेड लुथान्स नावाच्या प्राध्यापकानं मॅनेजर दिवसभर नेमकं करतात काय, याचा अभ्यास केला आणि 1988 साली तो छापला. पटापट बढत्या मिळवणारे आपल्या वेळेतला 48 टक्के वेळ ओळखी वाढवण्यात आणि टिकवण्यात घालवत होते. ज्यांच्या हाताखाली काम खरोखर चांगलं होत होतं, ते फक्त 11 टक्के. आपल्याकडं हे शोधायला विद्यापीठ लागलं नसतं, उद्यमनगरच्या चहाच्या गाड्यावर अर्धा तास पुरला असता. पण आकडा छापील आहे, घरी दाखवायला बरा पडतो.

आता ठराव गोळा करण्याची प्रत्यक्ष जागा. फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, ती म्हणजे सकाळची रिजेक्शन मीटिंग. रात्रपाळीचा खराब माल टेबलावर मांडलेला, भोवती पाच विभाग, आणि प्रत्येक दोषाला आपापलं आडनाव. ब्लोहोल (वायूनं पडलेलं भोक) दिसला की बोट वाळूकडं: ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण 3 ते 4 टक्के लागतो, जास्त झाला की वाफ धरते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, भोक पडतं. कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळल्याची भेग) आला की 'धातू थंड ओतला', म्हणजे मेल्टिंग. श्रिंकेज (थंड होताना आकसून पडलेली पोकळी) आलं की रायझर, म्हणजे जादा धातू पुरवणारा साठा, लहान ठेवला, म्हणजे साच्याची आखणी करणारे मेथडवाले. खरं कारण बऱ्याचदा दोघांत वाटलेलं असतं. वाळू ओली होती आणि कोअरला (साच्यातल्या आतल्या गाभ्याला) व्हेंटही, म्हणजे वायू जायला वाटही, नव्हता. पण मीटिंगला 'थोडं याचं, थोडं त्याचं' चालत नाही. तिला एक मान लागते.

इथं नवखा माणूस काय करतो? सँड लॅबचं रीडिंग मिळवतो आणि भर मीटिंगात टेबलावर आपटतो: 'ओलावा 4.8! मी म्हटलंच होतं!' मुद्दा बरोबर, रीडिंगही बरोबर. आणि वाळूवाला त्या क्षणी मनातल्या मनात एक ठराव करतो, तो पुढची पाच वर्षं बदलत नाही.

जाणता माणूस मीटिंगच्या अर्धा तास आधी सँड प्लँटवर जातो. 'दादा, पहाटेचं रीडिंग 4.8 हाय. मी काढत न्हाई, तुम्हीच सांगा. कोअरच्या व्हेंटचं मी माझ्या तोंडानं कबूल करतो.' झालं. मीटिंग सात मिनिटांत संपते आणि एक ठराव खिशात पडतो. फक्त एक पथ्य आहे: दोघांनी मिळून दोष लपवायचा नाही. भोक कास्टिंगच्या पोटात असलं, तरी ते ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये उघडं पडतं, मग पैसे कापल्याची डेबिट नोट येते, आणि डेबिट नोटेवर सही कुणाची यासाठी नवीन मीटिंग लागते.

असे ठराव स्वतःच्या विभागाबाहेरून किमान दोन लागतात. कारण शेवटच्या चर्चेत प्रत्येक प्रमुख आपापलंच घोडं पुढं दामटतो. त्यातल्या एकानं परक्या घोड्याबद्दल 'पोरगं चांगलं आहे' म्हटलं की वजन पडतं. त्यात बेल कर्व्ह नावाची एक घंटा असते. दहा जणांच्या टीममध्ये वरचा शेरा एखाद्याला, फार तर दोघांना, आणि खालच्या कप्प्यात कुणालातरी बसवायचंच, मग दहाही जण हिरे असोत. मायक्रोसॉफ्टनं 2013 साली असली सक्तीची उतरंड बंद केली. आपल्याकडं बातमी पोचली, पण घंटा अजून वाजते.

कोल्हापुरी माणूस नेमका कुठं घसरतो, तर 'आपण तोंडावर बोलतो' या अभिमानावर. बारा जणांसमोर 'सायेब, ह्ये काय चालणार न्हाई' म्हणणं म्हणजे शौर्य नव्हे, राजीनाम्याचा कच्चा मसुदा आहे. हेच वाक्य केबिनमध्ये, दार लोटून, 'मला एक शंका होती' असं सुरू करून बोललं, तर साहेब ते पुढच्या मीटिंगात स्वतःचं म्हणून मांडतात. तेव्हा चेहरा सरळ ठेवायचा. श्रेय चोरीला जाऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी तीन ओळींची मेल टाकायची, 'सकाळी बोलल्याप्रमाणे तक्ता जोडला आहे'. सीसीमध्ये ज्यांना तो तक्ता वापरायचा आहे तेवढेच. साहेबाच्या साहेबाला सीसी म्हणजे चुगलीला टपाल तिकीट लावणं. आणि बीसीसीच्या वाटेला जाऊच नका. ज्याला बीसीसी केलेली असते तो कधीतरी 'रिप्लाय ऑल' दाबतोच.

खुशामतीचं प्रमाण मिठाएवढं. समोर केलेली स्तुती पिठलं खारट करते. तीच ड्रायव्हरसमोर किंवा अकाउंट्समध्ये करावी; दोन दिवसांत पोचते आणि वाटेत जरा फुगूनही येते. वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र टाळा. वर साहेब फेट्यात, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ चेहरे. साहेबाची बदली तीन आठवड्यांत होते, पण व्हॉट्सॲपवरचा फ्लेक्स कुणी उतरवत नाही, आणि नवीन साहेब पहिल्याच दिवशी तो झूम करून बघतात.

एक गोष्ट मात्र मला विनोदात घालवता येत नाही. ठराव फिरतात ते रात्रीच्या जेवणावर, पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला, नाहीतर पन्हाळ्याच्या मुक्कामी. तिथं बायका नसतात. त्यांना सकाळी नुसता निकाल कळतो आणि वर 'मॅडम मिसळत नाहीत' असा शेरा. ज्याला खरंच चांगली माणसं वर न्यायची आहेत, त्यानं असल्या गप्पा दुपारच्या डब्यावर आणाव्यात. डबा खाऊन अजून कुणाची बढती अडली नाही.

सरकारी नोकरीत हाच खेळ गोपनीय अहवालात चालतो. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली सांगितलं की, प्रत्येक शेरा, अगदी चांगलासुद्धा, त्या कर्मचाऱ्याला कळवायला हवा. म्हणजे 'गोपनीय' हे आता फक्त नाव. तेव्हा प्रत मागा आणि मुदतीत लेखी उत्तर द्या. टपऱ्यांवर खंत मांडून शेरा बदलत नाही.

आणि समजा पत्र मिळालंच, तर पेढ्यांचा हिशेब नीट करा. पहिला पेढा साहेबाला नाही, ज्याची संधी हुकली त्याला, त्याच्या टेबलाशी जाऊन. उद्यापासून तुमचं रीडिंग त्याच्याच हातात आहे. तीस माणसांना अर्धा किलो आणणारा माणूस बढतीला लायकच नव्हता, असं मी तरी समजतो. किलोभर आणा आणि पाव किलो वेगळं बांधून घ्या. कारण बॉक्स सगळीकडं फिरून सर्वात शेवटी स्टोअरला पोचतो, आणि तो तिथं रिकामा पोचला, तर नवीन साहेबांच्या हातमोज्यांची मागणी पुढच्या मार्चपर्यंत 'स्टॉक न्हाई' म्हणून परत येते.