बायोला गणित लागत नाही

‘बायोला गणित लागत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात पहिल्यांदा कोण बोललं याची चौकशी व्हायला हवी. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ते शेजारचे काका बोलतात, क्लासवाले बोलतात, आणि सतराच्या पाढ्याशी ज्याचं आयुष्यभराचं वैर आहे तो उमेदवार ते देवानं कौल दिल्यासारखं ऐकतो. मग फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि गणिताच्या जागी एखादा निरुपद्रवी विषय. दोन वर्षं निवांत जातात. पुढे नीटचे मार्क थोडक्यात हुकतात, बी.एस्सी. बायोटेकला प्रवेश होतो आणि वेळापत्रकात सकाळी पहिल्याच तासाला दिसतं: मॅथ्स. चोर पळून ज्या घरात लपला ते घर फौजदाराचं निघावं, तसं.

पहिलं सत्र तरी निभावतं. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा वेग काढणं, हे नुसतं दळण. नियमाच्या गिरणीत गहू टाकायचा, खालून पीठ येतं. डोकं नसलं तरी चालतं. दुसऱ्या सत्रात इंटिग्रेशन येतं, म्हणजे त्याची उलटी क्रिया. आता हातात पीठ देतात आणि विचारतात, गहू लोकवन होता की सिहोर? इथे गिरणी नाही, नुसती ओळखपरेड आहे. सबस्टिट्यूशन लागेल, बाय पार्ट्स लागेल की पार्शल फ्रॅक्शन, हे गणिताच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. वर आणखी एक मेख. डबा आधीच किती भरलेला होता हे नव्या पिठावरून कधीच कळत नाही. त्या न कळणाऱ्या मापाचं नाव ‘अधिक सी’.

या ‘सी’ला लोक हळदीकुंकवासारखं शेवटी लावतात. तिथेच घात होतो. एक साधी जिवाणूंची वाढ घ्या: वाढीचा वेग म्हणजे ०.३ गुणिले संख्या, सुरुवातीला जिवाणू १००, वेळ (टी) तासांत. दोन्ही बाजू इंटिग्रेट केल्या की डावीकडे संख्येचा लॉग, उजवीकडे ०.३ टी. सी इथेच, याच ओळीत लिहायचा. मग लॉग हटवताना तो घातांकात जातो आणि खाली उतरतो तो गुणक होऊन. १० तासांनी जिवाणू होतात सुमारे २,००९. सी विसरून लॉग हटवला आणि मग आठवण झाली म्हणून मागाहून चिकटवला, तर तो बेरजेत बसतो आणि त्याच १० तासांनी जिवाणू भरतात ११९. दोन्ही उत्तरांत सी आहे, दोन्हीत सुरुवात १०० आहे. फरक इतकाच, की दुसऱ्या पेट्रीडिशमधले जिवाणू सरकारी नोकरीत आहेत.

आता लॉगबद्दल. हे सांगायला कोणी धजत नाही, पण आपल्याकडे लॉग दोन आहेत आणि त्यांचं आडनाव एकच आहे. बारावीच्या गणिताच्या पुस्तकात कॅल्क्युलसमध्ये नुसतं ‘लॉग’ लिहिलं की पाया ‘ई’, म्हणजे सुमारे २.७१८, समजायचा. कॅल्क्युलेटरवरची ‘लॉग’ची कळ मात्र दहाच्या पायाची, ‘ई’वाली कळ शेजारी, ‘एल एन’ नावानं. त्यात बायोवाल्यांचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, दहाचा. म्हणजे सकाळी प्रॅक्टिकलला एक लॉग, दुपारी मॅथ्सला दुसरा. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू चांगल्या माध्यमात, ३७ अंशांना साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. त्याचा वाढीचा दर मिनिटाला ०.०३४७. दुपटीचा काळ काढताना ०.६९३ ला, म्हणजे २ च्या ‘ई’वाल्या लॉगला, या दरानं भागायचं. चुकून दुसरी कळ दाबली, तर वर ०.३०१ येतात आणि उत्तर ८.७ मिनिटं. असा ई. कोलाय सापडला तर त्याला ऑलिम्पिकला पाठवा. पेपरच्या पहिल्या पानावर, रफ कामाच्या जागी, ‘२.३०३’ लिहून ठेवावं. एका लॉगमधून दुसऱ्यात जायचं हेच तिकीट.

खरा कस लागतो लॉजिस्टिक समीकरणाला. १८३८ मध्ये बेल्जियमच्या फेरहुल्स्टनं ते मांडलं. म्हणणं अगदी साधं: लोकसंख्या वाढत जाते, पण जागा संपायला लागली की वाढ मंदावते. लोकलमध्ये ठाण्यानंतर चढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. समजा फ्लास्कमध्ये यीस्ट आहे, सुरुवातीला १० एकक, कमाल क्षमता ६००, दर तासाला ०.५. यीस्टची संख्या एन, वेळ टी; वाढीचा वेग म्हणजे ०.५ गुणिले एन गुणिले (१ उणे एन छेद ६००). चलं वेगळी करायची, म्हणजे सगळे एन डावीकडे, टी उजवीकडे. डावीकडे छेदात एन आणि (६०० उणे एन) यांचा गुणाकार अडकतो. पार्शल फ्रॅक्शननं त्याचे दोन तुकडे होतात: एक छेद एन, अधिक एक छेद (६०० उणे एन). पहिल्याचं इंटिग्रेशन लॉग एन. दुसऱ्याचं? इथे वर्गातले निम्मे हात वर येतात आणि ते सगळे चुकतात. आतल्या एनच्या मागे उणे आहे, म्हणून लॉगच्या मागेही उणे येतं. दोन लॉगची वजाबाकी होते, म्हणजे आत भागाकार.

ते उणे गिळलं तर काय होतं, हे करून बघण्यासारखं आहे. भागाकाराच्या जागी गुणाकार येतो: एन गुणिले (६०० उणे एन). हा गुणाकार काही केल्या ९०,००० च्या वर जाऊ शकत नाही, आणि उजवीकडची बाजू ५,९०० (१० गुणिले ५९०) पासून निघून सुसाट वाढत असते. साधारण साडेपाच तासांनी ती ९०,००० ओलांडते. त्यापुढे वर्गसमीकरण सोडवलं तर ऋण संख्येचं वर्गमूळ काढायची वेळ येते. म्हणजे तुमच्या फ्लास्कमधलं यीस्ट साडेपाच तासांनी काल्पनिक होतं. बरोबर केलंत तर ते बिचारं ८ तास ९ मिनिटांच्या सुमारास ३०० ला, म्हणजे क्षमतेच्या निम्म्याला पोचतं. वाढीचा वेग तिथे सर्वांत जास्त, तासाला ७५. मग ते हळूहळू ६०० कडे सरकत राहतं. शिक्षक स्टेप मार्क देतात ते या एका उणे चिन्हाच्या अलीकडेपर्यंत.

बाय पार्ट्सबद्दल, म्हणजे गुणाकाराच्या इंटिग्रेशनबद्दल, फार बोलण्यात अर्थ नाही. ‘आयलेट’, म्हणजे आधी कोणाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं याचा क्रम, पाठ असतं सगळ्यांना. टी गुणिले ई-चा-घात-उणे-०.५-टी असं काही आलं, की टीचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं आणि ई-वाल्याचं इंटिग्रेशन. उलट केलं तर टीचा वर्ग होतो, मग घन, आणि पुरवणी संपते. गफलत पुढे आहे. ई-वाल्याचं इंटिग्रेशन करताना उणे ०.५ नं भागायचं असतं. आठ महिने डेरिव्हेटिव्ह केलेला हात सवयीनं गुणतो. शून्यापासून अनंतापर्यंत खरं उत्तर ४, गुणणाऱ्याचं ०.२५. सोळापट चूक. ज्याला हे विनोदी वाटतं त्यानं तो विद्यार्थी पुढे औषधाचे डोस ठरवणाऱ्या कंपनीत लागल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणावं.

ट्रॅपिझॉइडल रूल मात्र माझा लाडका. सूत्र नसलं, नुसती मोजमापं असली, की वक्राखाली समलंब चौकोन रचायचे. ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट घ्या: ०, ३०, ६० आणि १२० मिनिटांना साखर ९०, १५०, १४०, ११०. शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी, गुणिले मधली मिनिटं: ३,६००, ४,३५० आणि ७,५००; बेरीज १५,४५०. शेवटचं अंतर ३० नाही, ६० आहे, हे न बघणाऱ्याचे ३,७५० जातात. आणि अंतरं असमान असताना सिम्प्सनचं सूत्र लावणाऱ्याचं सगळंच जातं. या नियमाला कमी लेखू नका. १९९४ मध्ये ‘डायबिटीस केअर’ या नामांकित नियतकालिकात हीच पद्धत नवं गणिती मॉडेल म्हणून छापून आली. मग वाचकांची पत्रं आली, की अहो, हा तर ट्रॅपिझॉइडल रूल! बायोला गणित लागत नाही म्हणणारे काका परदेशातही असावेत, असा माझा संशय आहे.

अभ्यासक्रमाच्या शेवटी, बहुतेक वेळा घाईत उरकलं जाणारं प्रकरण साथीच्या रोगांचं. इथे पुस्तक बंद करून जरा थांबावं, कारण आलेख आपल्या गावचा आहे. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी साथीचं गणित मांडलं. मॅककेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेलेली, तरी त्यांना ते दिसलं; आम्हाला धडधाकट डोळ्यांनी एक उणे दिसत नाही. त्यांनी ताडून पाहिली ती मुंबईतली प्लेगची साथ, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. समीकरण सरळ सुटत नव्हतं म्हणून अंदाजी रूप घेतलं. आठवड्याचे मृत्यू: ८९० गुणिले हायपरबॉलिक सीकंटचा (घंटेसारखा चढून उतरणारा वक्र) वर्ग, कंसात ०.२ टी उणे ३.४, टी आठवड्यांत. कंस शून्य होतो सतराव्या आठवड्यात. तोच कळस, आठवड्याला ८९० माणसं.

एकूण किती गेली हे काढायला वक्राखालचं क्षेत्रफळ हवं. या वर्गाचं इंटिग्रेशन म्हणजे हायपरबॉलिक टॅन. तो उणे १ पासून अधिक १ पर्यंत जातो, म्हणजे फरक २. कंसातल्या टीच्या मागे ०.२ आहे, त्यानं भागायचं. ८९० गुणिले २ भागिले ०.२: सुमारे ८,९००. आणि ते भागायचं राहिलं, तर उत्तर येतं १,७८०, म्हणजे सात हजारांवर मुंबईकर नुसत्या धांदरटपणानं प्लेगमधून वाचतात.