नसलेल्या पेपरचे संदर्भ

‘जर्नलसाठी संदर्भ लिहिण्याचे सहा सुवर्णनियम’ (म्हणजे शोधनियतकालिकात पेपर पाठवताना शेवटी आधाराला घेतलेल्या पेपरांची यादी कशी द्यायची) असा एक मेसेज सध्या पीएचडी करणाऱ्यांच्या ग्रुपांमधून फिरतोय. भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, हे खरं असेल तर मी इतके दिवस डोकेफोड कशाला करतेय?’ संदर्भयाद्या तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ‘खोटं आहे’ एवढं उत्तर पुरलं असतं. पण हा मेसेज म्हणे तिच्या गाइडनेच पुढे ढकललेला. तेव्हा जरा सविस्तर.

नियम पहिला: ‘एक स्वल्पविराम चुकला तरी पेपर न वाचता नाकारतात.’ विषय जर्नलच्या कक्षेत बसत नाही, नवीन काही हाती लागत नाही, पद्धत कच्ची आहे, अशा कारणांनी पेपर नाकारले जातात. एल्सेव्हियर या बड्या प्रकाशनसंस्थेची कितीतरी जर्नल्स पहिल्या सबमिशनला कुठल्याही स्टाइलमधले संदर्भ चालवून घेतात. यादीभर एकच पद्धत पाळा आणि माहिती पूर्ण द्या, एवढीच अपेक्षा. यात तथ्य आहे ते इतकंच, की काही जर्नल्स अजून कडक आहेत आणि यादी दुरुस्त करायला मॅन्युस्क्रिप्ट परत धाडतात. तो नकार नव्हे. गबाळी यादी बघून रिव्ह्यूअरच्या, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, कपाळाला आठी पडते हेही खरं, मान्य.

नियम दुसरा: ‘किमान ५० संदर्भ हवेतच.’ कुणी ठरवलं? कित्येक जर्नल्स तर कमाल मर्यादा घालतात. लेखकांसाठीच्या सूचना वाचा, विषय संपला.

आता तिसरा. मेसेजमधलं वाक्य असं: ‘प्रत्येक संदर्भ वाचत बसू नका, चांगल्या पेपरच्या यादीतून उचला, काही चुकलं असेल तर रिव्ह्यूअर पकडतातच.’

रिव्ह्यूअर पकडतातच? मग ही गोष्ट ऐका. एल्सेव्हियरच्या लेखक-सूचनांमध्ये संदर्भ कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक ओळ असायची: व्हान डर गिअर आणि आणखी दोन लेखक, साल २०००, ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाचं शीर्षक, जर्नलचं नाव, खंड १६३, पानं ५१ ते ५९. हा पेपर कधी कुणी लिहिलाच नाही. ती फक्त स्टाइल दाखवायला रचलेली ओळ होती. तरीही कुठल्या पेपरचा संदर्भ किती जणांनी दिला याची नोंद ठेवणाऱ्या वेब ऑफ सायन्समध्ये या नसलेल्या पेपरच्या नावावर जवळपास ४०० संदर्भ जमा झाले! नेदरलँड्सचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना हे भूत दिसलं आणि संशोधक ॲन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये त्याचा माग काढून सगळा प्रकार लिहून काढला. संदर्भ देणारे बहुतेक पेपर परिषदांच्या कार्यवृत्तांतले होते. लेखकांनी तयार टेम्प्लेट घेतलं, त्यात आपला मजकूर भरला आणि नमुन्याची ओळ पुसायची राहून गेली.

म्हणजे ती ओळ लेखकांच्या नजरेतून सुटली, तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटली, छापणाऱ्यांच्याही. आणि एकदा नव्हे, शेकडो वेळा. सुटणारच, कारण तिच्यात स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सगळं जागच्या जागी होतं. ती नमुनाच होती ना! रिव्ह्यूअर तुमचा युक्तिवाद वाचतो. यादीतला प्रत्येक पेपर खरंच अस्तित्वात आहे का, हे शोधत बसायला त्याला वेळ नसतो आणि ते त्याचं कामही नाही. यादीखाली नाव तुमचं असतं.

‘उचला’ या सल्ल्याची दुसरी बाजूही मोजून झालेली आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये पदार्थविज्ञानातल्या एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४३०० संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी छापील चुका सापडल्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पानाच्या क्रमांकाची एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी आलेली. ७८ जणांची बोटं स्वतंत्रपणे त्याच आकड्यावर घसरली असं मानायचं का? कॉपी करणारा चुकांसकट कॉपी करतो. यावरून त्या दोघांनी बांधलेला अंदाज असा, की मूळ पेपर वाचून संदर्भ देणारे साधारण २० टक्केच. हा अंदाज गणिती मॉडेलवरचा आहे, त्यावर वाद घाला हवा तर. ७८ वर वाद नाही.

चौथा नियम याच कुळातला: ‘विषय सांगा, चॅटबॉट जर्नलच्या स्टाइलमध्ये यादी तयार करून देईल.’ देईल की! वॉल्टर्स आणि वाइल्डर यांचा २०२३ चा अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आहे: चॅटजीपीटीच्या जीपीटी-३.५ या मॉडेलने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के बनावट, त्यापुढच्या जीपीटी-४ चे १८ टक्के. मॉडेलं सुधारत जातील, पण पाचातला एक बनावट असला तरी कुठला एक हे शोधायला पाचही तपासावे लागतात. मग वाचलं काय? आपली खरी यादी देऊन नुसती मांडणी बदलून घेतली तरी मूळ यादीशी ताडून बघा. खंड क्रमांक नसेल तर चॅटबॉट तो पदरचा घालून मोकळा होतो.

पाचवा: ‘झोटेरो किंवा मेंडेले वापरा, मग यादीकडे बघायचंही कारण नाही.’ ही दोन्ही संदर्भ साठवून यादी मांडून देणारी सॉफ्टवेअर. पहिला अर्धा भाग सोळा आणे खरा. झोटेरोच्या संग्रहात १०,००० हून जास्त स्टाइल्स आहेत, आणि मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर २०१९ पासून ते इशाराही देतं. पण सॉफ्टवेअर मांडणी करतं. त्यात पडलेली माहिती खरी की खोटी हे त्याला कळत नाही. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन हे लेखकाच्या दोन रकान्यांत विभागलं गेलं की यादीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ नावाचे गृहस्थ अवतरतात. असल्या बऱ्याच गृहस्थांना मी यादीबाहेर काढलंय. संस्थेचं नाव एकाच रकान्यात भरा. शीर्षकातली मोठी-लहान अक्षरंही डोळ्यांनी बघा, कारण विशेषनाम कुठलं हे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही.

याच नियमाला शेपूट जोडलंय: ‘व्हँकुव्हरमध्ये यादी अकारविल्हे लावा.’ साफ चूक. व्हँकुव्हर ही संदर्भांना क्रमांक देणारी पद्धत, तिथे मजकुरात जो आधी येतो तो आधी. अकारविल्हे लावायची ती एपीएमध्ये, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पद्धतीत. लेखकांची किती नावं द्यायची हेही पद्धतीगणिक बदलतं: व्हँकुव्हर पद्धतीत साधारणपणे पहिले सहा लेखक आणि पुढे ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’); एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीत २० पर्यंत सगळी नावं.

सहावा: ‘डीओआय दिला की बाकी तपशील नसला तरी चालतो.’ डीओआय म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक. पीडीएफमधून डीओआय कॉपी करताना तो ओळ तुटलेल्या जागी अर्धवट येतो, शेवटचे दोन आकडे गळतात आणि लिंक कुठेच उघडत नाही. अशा वेळी तो पेपर शीर्षक, साल आणि पानांवरूनच सापडतो. तेव्हा दोन्ही द्या, आणि पाठवण्याआधी यादीतली प्रत्येक लिंक एकदा उघडून बघा.