आयसीवरचे घासलेले नंबर

परवा एक विद्यार्थी बंद पडलेल्या मशीनचं कंट्रोल कार्ड घेऊन आला. बघतो तर सगळ्या आयसींवरचे, म्हणजे कार्डावरच्या काळ्या चिपांवरचे, ओळखीचे नंबर पॉलिश पेपरने घासून टाकलेले. सर्किट डायग्राम, म्हणजे जोडण्यांचा नकाशा, कंपनी देत नाही. पोरगं हुशार आहे, मल्टिमीटर घेऊन दोन दिवस बसलं. पण उडालेली आयसी कोणती हेच कळेना, तर बदलणार काय? शेवटी त्या छोट्या कारखानदाराला अख्खं कार्ड नवं घ्यावं लागलं.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना हे मी अनेकदा पाहिलंय. दर वेळी तेवढाच राग येतो. कारण हे कार्ड ज्या यंत्राच्या वंशातलं आहे, त्या संगणकाचे आराखडे एके काळी देशोदेशी वाटले गेले होते.

जून १९४५. एडव्हॅक नावाच्या, अजून बांधायच्याच असलेल्या संगणकावर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १०१ पानांचा कच्चा मसुदा लिहिला. तो अर्धवटच होता, संदर्भांच्या जागाही कोऱ्या होत्या. पण गाभा त्यात होता: आकडे आणि त्यांचं काय करायचं त्या सूचना, दोन्ही यंत्राच्या एकाच मेमरीत ठेवायच्या. तुमच्या हातातला मोबाइल आजही तेच करतो. त्यांचे सहकारी हर्मन गोल्डस्टाइन यांनी या मसुद्याच्या प्रती काढून वाटल्या. त्यातली एक मे १९४६ मध्ये केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांच्या हाती पडली, तीही एका रात्रीपुरती. तेव्हा झेरॉक्स कुठलं? रात्रभर जागून त्यांनी ती वाचून काढली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूल या इंजिनिअरिंग कॉलेजने संगणक कसा बांधायचा यावर व्याख्यानं ठेवली. विल्क्स उशिरा पोचले, तरी परतीच्या बोटीवरच त्यांनी स्वतःच्या यंत्राचा आराखडा मांडायला घेतला. ६ मे १९४९ ला त्यांच्या एडसॅकने संख्यांच्या वर्गांचा तक्ता छापून दाखवला.

यातली एक गोष्ट मला कायम सलते. त्या मसुद्यातल्या बऱ्याच कल्पना मूर स्कूलमध्ये एनिॲक हा आधीचा संगणक बांधणाऱ्या प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली यांच्याबरोबरच्या चर्चांतून आल्या होत्या. मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्या फॉन नॉयमन यांचं. पेटंटच्या वादात दोघांनी १९४६ मध्ये विद्यापीठ सोडलं. पुढे १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने एनिॲकचं पेटंट रद्द ठरवलं, आणि त्या निकालात हा वाटलेला मसुदाही, आधीच जाहीर झालेली माहिती म्हणून, त्यांच्या विरोधात गेला. ज्ञान खुलं झालं याचा मला आनंदच आहे. पण जे प्रत्यक्ष राबले त्यांची नावं गाळून ते खुलं व्हायला नको होतं. मोकळेपणाच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक हे फार वेळा विसरतो.

पुढे प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये फॉन नॉयमन यांच्या गटाने नवं यंत्र बांधायला घेतलं आणि काम चालू असतानाच त्याचे अहवाल बाहेर पाठवले. मग त्याच घाटाची यंत्रं उभी राहू लागली: इलिनॉयमध्ये इलियॅक, स्टॉकहोममध्ये बेस्क, इस्राएलमध्ये वायझॅक, सिडनीत सिलियॅक. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे फेरफार केले. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालत नसे, पण एक यंत्र समजलेल्या माणसाला दुसरं परकं वाटत नसे.

याच घराण्यातलं एक यंत्र मुंबईतही झालं! टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये आधी छोटं प्रायोगिक यंत्र तयार झालं आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचं. ४० बिटांचा (० किंवा १ अशा ४० खुणांचा) एक शब्द, असे २०४८ शब्द मावणारी फेराइट कोअर, म्हणजे चुंबकीय कड्यांची, मेमरी आणि जुन्या रेडिओत असत तसे हजारो व्हॉल्व्ह. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव टिफ्रॅक ठेवलं. विद्यार्थ्यांना हे सांगतो तेव्हा वर्ग गप्प होतो. संगणक आपल्याकडे फक्त बाहेरून खोक्यात आला, असंच त्यांना वाटत असतं. इथल्या माणसांनी एकेक सांधा डाखून तो उभा केला होता, कारण मूळ आराखडा कुणी कुलपात ठेवला नव्हता.

तर ते कार्ड. कारखानदाराने जुनं कार्ड आम्हाला देऊन टाकलंय. रोज तास संपल्यावर आम्ही एकेक ट्रॅक शोधत त्याचा डायग्राम कागदावर उतरवतोय. पॉवर सप्लायचा भाग झालाय, दोन आयसी पायांच्या जोडण्यांवरून ओळखल्यात. पूर्ण झाला की इथेच टाकेन, कुणीही घ्या. आणि वर त्या पोराचं नाव असेल.