‘रक्त काढायला कॉम्प्युटर कशाला?’ याला माझं उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रक्त काढणाऱ्याचा हात बसला की झालं. बारकोड आल्यापासून चूक होतच नाही. फ्लेबोटॉमीच्या, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढायला शिकवणाऱ्या, कोर्समधले कॉम्प्युटरचे तास म्हणजे फी वाढवायचं निमित्त, आणि खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलींना ते जमणारही नाही. मी सँपल घेते आणि नव्या मुलींना शिकवते, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

हात हवाच. सुकलेल्या आजीची नस बोटाला लागणं कॉम्प्युटर शिकवत नाही. पण रक्त ट्यूबमध्ये आलं की काम संपलं, हे साफ चूक. लॅबच्या बहुतेक चुका सँपल मशीनमध्ये जाण्याआधीच होतात. रुग्णाची ओळख चुकते, ट्यूब चुकते, वेळ चुकते. आणि या तिन्हींची नोंद आता स्क्रीनवर करायची असते.

त्यातही माणूस ओळखणं आमच्या सीमाभागात फार नाजूक आहे. एकाच सकाळी दोन लता पाटील येतात. मराठी वळणाने इंग्रजीत लिहिलं तर ‘त’साठी नुसता टी, कन्नड वळणाने लिहिलं तर टीपुढे एच. एकाच बाईचं आधार कार्डावर एक स्पेलिंग, रेशन कार्डावर दुसरं. नाव टाकून जुनी नोंद सापडली नाही की घाईत नवी उघडली जाते. जन्मतारीख विचारावी तर कितीतरी म्हाताऱ्यांची १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. मग नवऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, जुना नोंदणी क्रमांक, असं फिरवून फिरवून शोधावं लागतं. हे शिकवल्याशिवाय येत नाही. आणि यावर बरंच काही अवलंबून असतं. मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन ७ आणि आज १३ आलं, तर चांगलं सॉफ्टवेअर रिपोर्ट अडवून विचारतं, सँपल हिचंच का? पण जुनी नोंद जोडलेलीच नसेल, तर ते ताडून कशाशी बघणार?

बारकोडचं म्हणाल, तर तो फक्त एक क्रमांक आहे. चुकीच्या ट्यूबवर चिकटला, तर मशीन एकीचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर बिनचूक छापतं. मी शिकत होते तेव्हा गर्दीच्या भीतीने रिकाम्या ट्यूबांना आधीच लेबलं लावून ठेवली होती. दोन अदलाबदल झाल्या. रक्तगट जुन्या नोंदीशी जुळला नाही म्हणून ब्लड बँकेत पकडलं गेलं. चुकीच्या गटाचं रक्त चढलं तर माणूस दगावू शकतो. त्या दिवसापासून मी आधी रक्त घेते, मग रुग्णासमोरच लेबल लावते. ‘तुम्ही लता ना?’ असंही विचारत नाही, कारण घाबरलेलं माणूस कशालाही ‘होय की’ म्हणतं. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणते आणि लेबलशी ताडते.

वेळ तर सगळ्यात दुर्लक्षित. साध्या लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. खानापुरात सकाळी ७ ला काढलेलं सँपल बेळगावात १० ला पोचलं आणि कुणी १० हीच काढण्याची वेळ टाकली, तर कमी आलेली साखर डॉक्टरांना खरी वाटते. लाइट गेली तर वहीत लिहायचं, हे ठीक. पण नंतर नोंद चढवताना खरी वेळ कुठे भरायची, हे माहीत हवं.

मुलींना जमणार नाही, हे वाचून मला राग आला. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, औषधाच्या पट्टीवर इंग्रजी, हे त्या रोज निभावतात. त्यांना फक्त सराव हवा, खोट्या रुग्णांच्या नोंदी करून, चुकून, पुन्हा करून.

फीबद्दलची तक्रार मात्र काही ठिकाणी खरी असेल. कॉम्प्युटरच्या नावाखाली नुसतं टायपिंग शिकवत असतील तर पैसे वायाच. म्हणून पालकांनी प्रवेश घेण्याआधी विचारावं: रुग्ण शोधणं, लेबल छापणं, सँपलची वेळ भरणं, सँपल नाकारल्याचं कारण नोंदवणं, हे माझ्या मुलीला तिच्या स्वतःच्या पासवर्डने करायला मिळणार का, आणि किती दिवस?