शेल आला म्हणजे रेस्क्यू मोड पास झाला असं नाही

फेडोरा या लिनक्स सिस्टिमची नवी बीटा (चाचणी आवृत्ती) आली की ती तपासणाऱ्यांमध्ये हा सल्ला फिरू लागतो: "इन्स्टॉलरचा रेस्क्यू मोड तपासायला दोन मिनिटं पुरतात. यूएसबीवरून बूट करा, शेल आला की पास लिहा. नाहीतरी ग्रबमध्ये रेस्क्यू आहेच, आणि लाइव्ह यूएसबीवरून सगळं होतं." रेस्क्यू मोड म्हणजे बूट न होणारी सिस्टिम दुरुस्त करायची सोय, शेल म्हणजे आज्ञा टाइप करायचा प्रॉम्प्ट, ग्रब म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सिस्टिम निवडून देणारा प्रोग्राम, आणि लाइव्ह यूएसबी म्हणजे इन्स्टॉल न करता यूएसबीवरूनच चालणारी सिस्टिम.

"शेल आला की पास." शेल तर मोड फसला तरी येतो! यूएसबीच्या बूट मेनूत ट्रबलशूटिंगमधून रेस्क्यू निवडला की चार पर्याय दिसतात. तिसरा पर्याय डिस्ककडे न बघता थेट शेल देतो. पहिला, म्हणजे डिस्कवरची सिस्टिम शोधून जोडून देणारा, दाबला आणि इन्स्टॉलरला तुमची सिस्टिम सापडलीच नाही, तर 'लिनक्सचं पार्टिशन नाही' असं सांगून तो पुन्हा शेलच देतो. म्हणजे नापास झाल्यावरही समोर तोच प्रॉम्प्ट. म्हणून मी आधी डिस्क एन्क्रिप्ट करून पूर्ण इन्स्टॉल करतो आणि होममध्ये एका फाइलीत एक ओळ लिहून ठेवतो. मग रेस्क्यूमधून पहिला पर्याय. पासफ्रेज विचारला जातो का? एमएनटीखालच्या सिसरूटमध्ये (सापडलेली सिस्टिम जिथे जोडली जाते त्या फोल्डरमध्ये) रूट, बूट, होम सगळं जागेवर आहे का? सीएचरूट करून, म्हणजे त्या सिस्टिमच्या आत शिरून, त्या फाइलीत दुसरी ओळ घालतो, बाहेर पडतो, डिस्कवरून बूट करतो. एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचं रीलेबलिंग (फाइलींना पुन्हा सुरक्षा-लेबलं लावणं) सुरू झालं तर ते संपेपर्यंत थांबायचं. लॉगिन होऊन दोन्ही ओळी दिसल्या, तरच पास.

"ग्रबमध्ये रेस्क्यू आहेच." नाव सारखं, वस्तू वेगळी. ती नोंद म्हणजे त्याच डिस्कवर ठेवलेला जादा कर्नल (सिस्टिमचा गाभा). ग्रबच उडाला तर त्या नोंदीपर्यंत पोचणार कसं?

"लाइव्ह यूएसबीवरून सगळं होतं." होतं, पण हातानं. २०२० साली फेडोरा ३३ पासून डेस्कटॉपला बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आलं, ज्यात सिस्टिम सबव्हॉल्यूम नावाच्या भागांत असते. आता एन्क्रिप्शन उघडा, योग्य सबव्हॉल्यूम माउंट करा, बूट आणि ईएफआय जोडा, डेव्ह-प्रॉक-सिस बाइंड करा, मग सीएचरूट. मला हे जमतं. माझ्या मावसबहिणीचा प्रबंध ज्या लॅपटॉपमध्ये आहे तो एखाद्या रात्री उठलाच नाही, तर फोनवरून तिच्याकडून हे सगळं करून घेणं मला जमणार नाही. "१ दाब, एंटर कर, पासवर्ड टाक" एवढं मात्र नक्की सांगता येईल.