मधली जागा मोकळी ठेवू नका

मुंबईत गाडी चालवताना सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे पुढच्या गाडीच्या मागे अंतर सोडणं. तुम्हाला ती खोड असेल तर आजच मोडा. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकावं लागतं, तसाच हायवेचा रिवाज आहे. जरा फट दिसली की डावीकडून टॅक्सी येऊन बसते. तुम्ही पुन्हा मागे सरकता, मग उजवीकडून बाइक. असंच सौजन्य दाखवत राहिलात तर दादरला निघालेला माणूस मध्यरात्री दहिसरला पोचेल.

मी हा गुन्हा होळीच्या रात्री केला. बोरिवलीहून मामाकडचं जेवण आटोपून निघालो होतो. आई मागच्या सीटवर, तिच्या मांडीवर कटाच्या आमटीचा स्टीलचा डबा. वाकोल्याच्या पुलाच्या उतारावर पुढच्या रिक्षाला पॅसेंजर दिसला आणि ती जागच्या जागी थांबली. (रिक्षांबद्दल मी काही बोलणार नाही. तुम्हाला माहीत आहे.) मी अंतर ठेवलं होतं, म्हणून थांबू शकलो. मागच्याने ठेवलं नव्हतं.

तर सल्ले.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. आधी दिसायचं, मग मेंदूने ओळखायचं, ठरवायचं, मग पाय उचलायचा. ६०च्या स्पीडला तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे जाते. म्हणजे बेस्टच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील तेवढी, आणि तोवर ब्रेक लागलेलाच नसतो. असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करा. ते सामान्य माणसांसाठी आहे. तुम्ही धावती विरार पकडता.

हॉर्न हाच ब्रेक समजा.

कोस्टल रोडला ८०ची मर्यादा, बोगद्यात ६०ची. कॅमेरे कुठे आहेत तेवढं पाठ करा, बाकी रस्ता आपलाच.

स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं म्हणतात. होऊ दे. पुढच्याची डिकी आहेच की थांबवायला.

पहिल्या पावसात तर मुळीच हळू जाऊ नका. सांडलेलं ऑइल आणि महिनोन्‌महिन्यांची धूळ मिळून रस्ता इतका गुळगुळीत होतो की कुठल्याही कंत्राटदाराला तसा जमलेला नाही. त्याचा आनंद घ्या.

आता मोबाइल. तो काचेसमोर स्टँडवरच लावा, म्हणजे पुढचा रस्ताही मधूनमधून दिसतो. रील लावा. मेसेज आला की लगेच बघा, 'हम्म' एवढंच असेल तरी बघा, सिग्नलपर्यंत थांबलात तर ग्रुपवर काय वाटेल? नजर दोनच सेकंद खाली जाते. ६०ला दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर, तेवढं अंतर गाडी आंधळी जाते. आणि तुमचा तो दीड सेकंद त्यानंतर सुरू होतो, आधी नाही. ३३ आणि २५, ५८ मीटर. जवळजवळ पाच बस. त्या रात्री माझ्या गाडीच्या आणि त्या मागच्याच्या मध्ये एक बससुद्धा मावली नसती! हँड्सफ्री आहे म्हणून सांगू नका मला. हात मोकळे ठेवून करायचंय काय, डोकं तर तिकडे क्लायंटकडे गहाण टाकलेलं. समोर लाल दिवे पेटलेले डोळ्यांना दिसतात, पण त्यांचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत धडक झालेली असते. तो उतरला तेव्हा रील चालूच होतं. कुणीतरी पनीर तळत होतं. आणि हा मला म्हणतो, "काका, तुम्ही अचानक ब्रेक मारलात."

अचानक? मग काय, आधी पत्र पाठवायचं होतं?

ब्रेक अचानकच मारावा लागतो रे बाबा. रस्त्यावर मूल अचानकच येतं, कुत्रं अचानकच येतं, रिक्षा तर यायचीच. तो मोकळा तुकडा रिकामा नव्हता. ती माझी वेळ होती, आणि माझ्या मागचा तुकडा तुझी. तू तुझी रीलवर उधळलीस आणि भरपाई माझ्या आईच्या मानेने केली. तीन आठवडे पट्टा. रात्री कूस बदलता येत नाही तिला. आमटी सीटच्या शिवणीत मुरली आहे, दारं बंद असली की अजून वास येतो. बंपर, डिकीचं झाकण, दोन्ही टेल लाइट. विम्याचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, गेला, म्हणून डेंटिंग-पेंटिंगचे पैसे खिशातून.

रस्त्यावर उभं राहून नंबर दिला होतास, "सगळं भरून देतो काका" म्हणून. अकरा वेळा फोन केला, एकदाही उचलला नाहीस. ६०च्या स्पीडला उचलतोस ना? मग आता घरी सोफ्यावर बसून उचल.